दंडावरची गाठ

मला तिचा हेवा वाटायचा. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला बिचारी वगैरे समजायला नको. थोडाथिडका नाही, चांगला पोटात दुखेल असा हेवा. ती माझ्यापेक्षा दिसायला बरी असती, श्रीमंत असती, पहिल्या नंबराने पास झालेली असती, तर मी समजून घेतलं असतं. पण तिच्याकडे यातलं काहीच नव्हतं. पहिला नंबर माझा होता. तिच्याकडे फक्त हात होते, आणि ते मला पाहिजे होते.

ती वर्षं आमच्या बुऱ्हाणपूर जिल्ह्यात गाड्या एकत्र करण्याची होती. आधी बाळंतिणीला नेणारी गाडी वेगळी, अपघाताची वेगळी, आणि दवाखान्याच्या दारात उभी राहून टायर कुजलेली तिसरीच. त्या सगळ्या एका नंबराखाली आणायचं चाललं होतं. फोन एकाच ठिकाणी करायचा, जी गाडी जवळ असेल ती येणार. आणि गाडीत ड्रायव्हरच्या जोडीला नुसतं स्ट्रेचर उचलणारं कुणी नको, सुई लावता येणारं, श्वास बघता येणारं माणूस हवं. असं माणूस तयार करायचा डिप्लोमा निघाला आणि मी त्यात नाव घातलं. शेजारणी म्हणाल्या, मास्तरांची पोरगी ॲम्ब्युलन्सवर जाणार? पप्पा शाळेत गणित शिकवायचे. त्यांनाही ते फारसं पटलं नव्हतं, पण नर्सिंगपेक्षा नवीन काहीतरी आहे म्हणून गप्प बसले.

शेवटचे तीन महिने दवाखान्यात प्रत्यक्ष काम शिकायचं होतं. ज्या दवाखान्यात आमची ड्यूटी लागली त्याचं नाव मी सांगणार नाही, कारण पुढे जे झालं त्यात दवाखान्याचा काही दोष नाही. कॅज्युअल्टीत आम्ही चौघं होतो, दोन मुलं, दोन मुली. आणि या चौघांतून एकच नाव शहराच्या गाडीसाठी जाणार होतं. बाकीच्यांनी राज्यात जिथे जागा निघेल तिथे जायचं, झाबुआ म्हणा, डिंडोरी म्हणा. पप्पांनी मला स्पष्ट सांगून ठेवलं होतं, “बुऱ्हाणपूरची जागा मिळाली तर कर नोकरी. एकटी पोरगी मी तिकडे लांब पाठवणार नाही.” पाठवणार नाही म्हणजे काय, ते मला बरोबर कळत होतं. मावशीने जळगावचा एक मुलगा आधीच बघून ठेवला होता. फोटोसुद्धा आला होता घरी, आईच्या गादीखाली होता. म्हणून ती एक जागा मला पाहिजेच होती.

इन्चार्ज सिस्टरांना आमची नावं लक्षात राहायची नाहीत, की त्यांना ठेवायची नव्हती, देव जाणे. त्या गावावरून हाक मारायच्या. तापीपलीकडून येणारा मुलगा जैनाबाद, दुसरा शाहपूर. मी शहरातलीच, म्हणून पप्पांवरून मला ‘मास्तरनी’. आणि ती डोईफोडिया. जंगलाच्या कडेचं तिचं गाव. तेल चोपडलेल्या दोन वेण्या, प्लास्टिकच्या चपला आणि डब्यात रोज भाकरी आणि ठेचा. औषधांची इंग्रजी नावं वाचताना ती ओठ हलवायची आणि मी जैनाबादकडे बघून हसायची. पहिल्याच दिवशी मी मनात हिशेब केला होता की ही तर आपल्या वाटेत नाहीच. मुलं दोघं बरी आहेत, पण आळशी आहेत. जागा आपलीच.

हाऽऽ! दोन तास टिकला तो हिशेब.

एक ट्रॅक्टरवाला आला होता, अंगातून बरंच रक्त गेलेला, आणि शीर काही केल्या हाती लागत नव्हती. मी दोनदा टोचलं. शाहपूरने एकदा टोचलं. तो माणूस आईबहिणीवर आला. तेव्हा मागून ही आली, त्याचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि डोळे मिटले. खरंच मिटले. कणकेत राहिलेली गुठळी बोटाने शोधावी तशी ती त्याच्या मनगटाच्या वर हलकं हलकं दाबत गेली. मग डोळे उघडले आणि सुई आत. रक्त मागे आलं, सलाईनचे थेंब पडायला लागले. तो ट्रॅक्टरवाला म्हणाला, “लगाई भी?” त्याला कळलंसुद्धा नव्हतं.

सिस्टर म्हणाल्या, “देखो, सीखो कुछ.” बघितलं कुणाकडे? माझ्याकडे.

तेव्हापासून जे सुरू झालं ते सुरूच राहिलं. लहान मूल आलं, बोलवा डोईफोडियाला. सुजलेल्या हातापायांची म्हातारी आली, डोईफोडिया कुठाय? डॉक्टरसाहेब राउंडला आले की मी सगळे डोस तोंडपाठ सांगायची, धडाधड. ते मान डोलवायचे आणि म्हणायचे, “व्हेरी गुड. अब वो लड़की किधर है, बेड चार की सुई निकल गई है.” माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. घरी जाऊन मी उशीला सुया टोचायची, हो, उशीला. आईने विचारलं, उशीला भोकं कशी पडली? म्हटलं, झुरळं असतील.

आता तिची एक सवय सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. सुई लावताना दंडाला काहीतरी आवळून बांधावं लागतं, म्हणजे शीर फुगते. त्यासाठीचा पट्टा तिथे एकच होता आणि तो सिस्टरांच्या कपाटात असायचा. म्हणून सगळे रबरी ग्लोव्हच बांधायचे, सुरगाठ मारून. टोक ओढलं की सुटतो. प्रत्येकाचा आपापला ग्लोव्ह असायचा. माझा मी एप्रनच्या उजव्या खिशात ठेवायची. ती मात्र काम झालं की तो सोडून आपल्या डाव्या मनगटाला गुंडाळायची. दिवसभर हातात ते पांढरं रबर.

मी एकदा विचारलं, “का गं, राखी बांधलीस का स्वतःलाच?”

मुलं हसली. तिला त्याचं काही नाही. म्हणाली, “आमच्याकडे विहिरीवर बादली सोडताना दोराचं शेवटचं टोक मनगटाला घेतात. मनगटाला आहे म्हणजे विहिरीत नाही. तसंच हे. माझ्या हाताला आहे म्हणजे पेशंटच्या हाताला राहिलं नाही.”

“अगं बाई, केवढं हे शास्त्र!” मी म्हटलं. आणखी काय म्हणणार?

सगळ्यात जास्त कधी जळाले ते सांगू? आईच्या वेळी. माझी स्वतःची आई, मला जन्म दिलेली. तिला साखरेचा त्रास आणि रक्त तपासायचं होतं, तर मी म्हटलं आमच्याकडेच ये, मीच काढते. ती आली, सोबत सगळ्यांना पुरेल एवढी शेवभाजी घेऊन. मी तिचा हात धरला. एकदा टोचलं, नाही आलं. आई ओठ आवळून बसली. तेवढ्यात ही समोरून गेली. आईने तिच्याकडे बघितलं आणि मला हळूच म्हणाली, “ती तुझी मैत्रीण आहे ना, तिला बोलाव ना.”

मैत्रीण! मी बोलावलं. तिने आईशी पिकाच्या, पाण्याच्या गप्पा मारता मारता रक्त काढलंसुद्धा. घरी आल्यावर आई रात्रीच्या जेवणापर्यंत तिचंच कौतुक करत होती. किती शांत पोरगी आहे, हात किती हलका आहे, कुणाची आहे गं ती? मी ताटावरून उठले. पप्पा म्हणाले, हिला काय झालं? काय सांगणार, तुमच्या बायकोने परकी पोरगी पसंत केली म्हणून?

मग तो दिवस आला. मे महिना होता, सकाळचे अकरा वाजले असतील. आमच्याकडे मे महिन्यात अकरा म्हणजे रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. जसोंडीकडची एक आजी आणली, केळीच्या बागेत काम करता करता पडली होती. रात्रीपासून उलट्या, जुलाब. तरी कामाला गेली होती. बायका केळीत जाताना साडीवरून नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात, चीक लागू नये म्हणून. तोच शर्ट तिच्या अंगात होता, चिकाने काळे काळे डाग पडलेला आणि बाह्या पुठ्ठ्यासारख्या कडक. सोबत आणणारे तिला ठेवून बाहेर केसपेपर काढायला गेले.

त्या वेळी डोईफोडिया दुसऱ्या खाटेवर होती. मी धावले. मुद्दाम धावले, ती पोचायच्या आत. एरवी आधी शर्ट काढायचा असतो. मी बाही नुसती खांद्यापर्यंत वर सरकवली, दंडावर अगदी वर ग्लोव्ह बांधला आणि कोपराच्या आत शीर शोधायला लागले. आजीच्या अंगात पाणीच नव्हतं तर शीर कुठून असणार? एकदा टोचलं, नाही. दुसऱ्यांदा टोचलं, रक्त आलं आणि तिथेच फुगलं. फुटली शीर. आजी म्हणाली, “बाई वं, माह्या हाताची चाळणी करती का?”

सिस्टर मागे उभ्या होत्या, मला माहीतच नव्हतं. “हट. मास्तरनी, हट तू. उसको दे.”

सगळ्यांसमोर. जैनाबाद तिथेच होता, शाहपूरही होता. माझे कान तापले. मी हात सोडला आणि बाजूला झाले, कुणाकडे न बघता. बाही आपोआप खाली आली असणार. मी बघितलं नाही. मी त्या वेळी फक्त जमिनीकडे बघत होते.

ती आली. तिने आजीचं मनगट घेतलं, कोपराच्या खाली आपला ग्लोव्ह बांधला, डोळे मिटले वगैरे तिचं नेहमीचं सगळं केलं आणि हाताच्या पंजावर मागच्या बाजूला एक बारीकशी शीर पकडली. पहिल्या झटक्यात. ग्लोव्ह सोडला, सलाईन सुरू केलं. थेंब पडत होते पण फार हळू. तिने बाटली वर चढवली, पट्टी नीट केली, वाकून बघत होती, तेवढ्यात बाहेर टेम्पो उलटल्याचा गलका झाला आणि सिस्टरांनी तिला हाक मारली. मला म्हणाल्या, “तू बैठ इसके पास.” म्हणजे जिला काही जमत नाही तिने राखण करायची.

मी स्टुलावर बसले. कॅज्युअल्टीतल्या आयामावशी सगळ्यांना चहा देत होत्या, मलाही दिला. मी पहिला घोट घेतला आणि आजीने कूस बदलली. बाही जरा वर गेली. आणि मला दंडावर पांढऱ्या रबराचं टोक दिसलं.

ग्लोव्ह! सोडायचा राहिलेला. दंड आवळलेला आहे, म्हणूनच तर थेंब हळू पडत होते. आजीची बोटं जराशी निळसर दिसत होती.

आता इथे मी खोटं बोलू शकते. म्हणू शकते की मी लगेच उठले. कुणाला कळणार आहे? पण नाही उठले. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा: सापडली! डोईफोडियाचा हात चुकला. शेवटी हात तिच्याकडे होता, म्हणजे ग्लोव्ह तिचाच; तिने कुठे बांधला आणि सोडला की नाही, ते मान खाली घातलेल्या मी तेव्हा बघितलंच नव्हतं. आता सिस्टर येतील, बाही वर करतील, आणि मग बघू कोण कुणाला हट म्हणतं ते. मला इतका आनंद झाला की चहा गोड लागला, आणि तो चहा कधीच गोड नसायचा.

आजी म्हणाली, “पोरी, हात सुन्न पडला वं माह्या. मुंग्या आल्या.”

मी म्हटलं, “सलाईनमुळे होतं आजी तसं. पडून राहा.”

हे वाक्य मी म्हटलं. माझ्या तोंडाने. ग्लोव्हच्या टोकाकडे बघत.

मी दाराकडे बघत बसले, सिस्टर कधी येतात म्हणून. मनात सगळं ठरवून टाकलं होतं. मी काही बोलायचं नाही, सिस्टरांनाच दिसू द्यायचं, मग मी आश्चर्य वाटल्यासारखं करायचं, अरे बापरे, हे काय! चहा संपत आला. आजीने डोळे मिटले होते आणि दुसऱ्या हाताने तो हात चोळत होती.

सिस्टर नाही आल्या. तीच आली. टेम्पोवाल्यांना सोडून धावत आली आणि सरळ बाटलीकडे. थेंब जवळजवळ थांबले होते. तिने सुईजवळ दाबून बघितलं, मनगट बघितलं, मग काय वाटलं कोण जाणे, हात वर वर नेत बाहीच्या आत घातला. तिथेच थांबली. टोक ओढलं. ग्लोव्ह सुटला आणि सलाईन धो धो चालू झालं.

ती आधी आजीच्या बोटांकडे बघत राहिली, रंग परत येईपर्यंत. आजीला विचारलं, हलव बरं, मूठ कर बरं. आजीने मूठ केली. मग तिने हातातल्या ग्लोव्हकडे बघितलं. आणि मग आपल्या डाव्या मनगटाकडे.

तिचा ग्लोव्ह तिथे होता. मनगटाला गुंडाळलेला.

मी उजव्या खिशात हात घातला. खिसा रिकामा होता. मी पार तळापर्यंत चाचपडलं, डाव्या खिशातही बघितलं. पेन होतं, रुमाल होता. 

ती जवळ आली, माझ्याच खिशात तो ग्लोव्ह ठेवला आणि हळूच म्हणाली, “तुझा आहे. ठेव.” मागे सिस्टर आल्याच होत्या. त्यांनी विचारलं, “क्या हुआ, चल रही है ना?” ती म्हणाली, “अब ठीक है सिस्टर. मैंने ऊपर तक हाथ नहीं देखा था, बाही में अटका था.” एवढंच. माझं नाव घेतलं नाही आणि स्वतःवर खोटंही घेतलं नाही. जेवढं तिचं चुकलं तेवढंच सांगितलं. सिस्टरांनी तिला चांगलं झापलं. आणि मी उभी. तोंडात माती.

आजीचा हात संध्याकाळपर्यंत बरा झाला. दुसऱ्या दिवशी घरी जाताना तिने माझ्या गालावरून हात फिरवला, तोच हात. म्हणाली, “तू बसून होती माह्यापाशी. लय बरं वाटलं वं.” मी बाथरूममध्ये जाऊन रडले. मग तोंड धुतलं आणि बाहेर आले, आणि डोईफोडिया समोर दिसली तर माझ्या मनात काय यावं? की हिने मला वाचवलं म्हणून आता हिच्यासमोर मान वर करता येणार नाही, आणि त्याचाच राग. माणूस सुधारतं वगैरे म्हणतात ते इतक्या लवकर नसतं होत.

शेवटच्या दिवशी सिस्टरांनी चौघांना खोलीत बसवलं. कोणतं नाव पाठवायचं हे ठरवायची त्यांची एक रीत होती, प्रत्येक बॅचला त्या तसंच करायच्या. मार्क बघायच्या नाहीत. चौघांना एकेक चिठ्ठी दिली आणि म्हणाल्या, “समझो तुम्हारी माँ गाड़ी में पड़ी है. सुई लगाने कौन आए? अपना नाम नहीं लिखना.”

आईचं नाव काढल्याबरोबर मला उत्तर माहीत होतं. माझ्या आईने तर ते तोंडानेच सांगितलेलं होतं. पेन उघडलं आणि मी जैनाबादचं नाव लिहिलं. जैनाबाद, ज्याला अजून बीपीचा पट्टा सरळ लावता येत नव्हता. माझी आई गाडीत पडलेली असली तरी चालेल, पण हिचं नाव माझ्या हातून जायला नको. असं लिहिलं मी.

दुपारी सिस्टरांनी सांगितलं, नाव डोईफोडियाचं जाणार. मी गिळलं. बाहेर पडताना त्यांनी मला थांबवलं, जरा समजूत घातल्यासारखं म्हणाल्या, “दिल छोटा मत कर. तेरे को भी एक मिला है.”

एक? मला? कॅंटीनमध्ये मुलं आपणहून बोलली, आम्ही दोघांनी डोईफोडिया लिहिलं, आणखी कुणाचं लिहिणार? जैनाबाद तर हसत होता की मला कुठल्या वेड्याने मत दिलं. मी हसले नाही. गणित पप्पा शिकवतात, पण एवढी बेरीज त्यांच्या मुलीलाही जमली. माझं नाव तिने लिहिलं होतं.

पुढचं सांगून टाकते. जळगावचा मुलगा बारगळला, कारण मी जेवण सोडलं. वर्षभर घरी बसले, आणि मग नेपानगरकडे आणखी एक गाडी आली तिच्यावर लागले. नेपानगर पप्पांना चाललं. आज मी त्या गाडीवर जुनी झाले आहे. शहराच्या गाडीत पेशंट सोपवताना कधी ती समोर येते. नाडी अमुक, बीपी तमुक, काय दिलं, किती वाजता. तेवढंच बोलतो. सुई माझी आता पहिल्या झटक्यात लागते, शंभरातल्या शंभर वेळा नाही, पण लागते. आणि कुणाचाही हात घेतला की आधी शर्ट काढते किंवा बाही फाडते, नातेवाईक कितीही ओरडोत.

पण बसस्टँडवरचं सांगायचं मी टाळते आहे, हे माझ्या लक्षात आलं आहे.

ड्यूटी संपली त्या संध्याकाळी ती गावी जाणार होती, दोन दिवसांसाठी, मग येऊन शहराच्या गाडीवर हजर व्हायचं होतं. मी स्कूटी काढली आणि बसस्टँडवर गेले. का गेले? थँक्यू म्हणायला नव्हते गेले, हे नक्की. मला ते मत सहन होत नव्हतं. ती उभी होती, कापडी पिशवी आणि घरच्यांसाठी मावा जलेबीचा डबा. तिच्या गावावरून जाणारी खकनारची बस लागलेली होती, अजून भरत होती.

मी विचारलं, “माझं नाव का लिहिलंस?”

ती लाजली जरा. मग म्हणाली, “तू बांधून विसरली होतीस ना त्या दिवशी. खिसा चाचपडत होतीस तेव्हा तुझं तोंड बघितलं मी, पार पांढरं पडलं होतं. ज्याला एकदा असा धसका बसला तो पुन्हा प्रत्येक वेळी बाही वर करून बघणार. पोरांना तसला धसका अजून बसलेला नाही. माझ्या आईजवळ मला तसं माणूस पाहिजे.”

झालं होतं. मी हो म्हणून घरी जाऊ शकत होते. तिच्याकडच्या कुठल्याही गोष्टीवर मी जन्मभर जळत राहिले असते, पण ही एक गोष्ट तिने मला आपणहून दिली होती. ठेवायला काय हरकत होती? पण ती माझ्याकडे इतक्या चांगल्या नजरेने बघत होती की मला ते सोसेना.

मी म्हटलं, “विसरले ते खरं. पण मला ती गाठ नंतर दिसली होती.”

“केव्हा?”

“तू टेम्पोवाल्यांकडे गेलीस तेव्हा. मला वाटलं तुझी आहे. म्हणून बसून राहिले. सिस्टरांना दिसावी म्हणून. चहा संपेपर्यंत.”

तिने मग विचारलं, “आजी हात सुन्न झाला म्हणत होती का तेव्हा?”

“हो.”

कंडक्टरने घंटी मारली. तिने पिशवी खांद्याला लावली, जलेबीचा डबा सरळ धरला. मला वाटलं आता शिव्या देईल, थोबाडीत मारेल, आणि देवाशप्पथ, मला ते चाललं असतं.

“मग मी नाव चुकीचं लिहिलं,” ती म्हणाली.

रागाने नाही. जसं झालं तसं सांगावं, तसं. मग ती बसमध्ये चढली, खिडकीपाशी जागा धरली आणि कंडक्टरकडे डोईफोडियाचं तिकीट मागितलं.